समुद्र कुणाच्या बापाचा? जमैकातले सात दिवस आणि चार कागद

गेल्या महिन्यात आम्ही चौघे आठवडाभर जमैकात होतो. निळ्याशार समुद्रापुढे उभे राहून काढलेला एक फोटो आमच्यातल्या एकीने व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तासाभरात एका जुन्या कार्यकर्त्या भावाचा प्रश्न आला : "इकडे आपल्या वस्तीत नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही आणि तुम्ही कॅरिबियन बेटावर समुद्रात डुंबताय. चळवळीला यातून काय मिळणार?"

प्रश्न झोंबला, पण तो चुकीचा नव्हता. ग्रुपवर दोन ओळींत उत्तर देऊन भागण्यासारखेही नव्हते. म्हणून हा लेख.

आधी हिशेब. टोरोंटोतल्या जयंतीच्या कार्यक्रमाला आम्हाला बोलावले होते. तिथपर्यंतचा खर्च तिथल्या बांधवांनी केला. टोरोंटोहून किंग्स्टन विमानाने चारेक तासांवर आहे. तो पुढचा खर्च आम्ही स्वतःच्या खिशातून केला, चळवळीच्या वर्गणीतला एक रुपयाही त्यात नाही. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ज्यांच्या आज्यांना गावच्या रस्त्याने ताठ मानेने चालायची सोय नव्हती, त्यांच्या नातवंडांनी जग पाहावे, डोंगर चढावेत, समुद्रात पोहावे, याची आम्हाला लाज वाटत नाही. लाज वाटावी असे आमच्या हातून तिथे जे घडले, ते वेगळे आहे. ते पुढे सांगतोच.

जमैका आहे तरी केवढा? क्षेत्रफळ सुमारे ११ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बीड जिल्ह्यापेक्षा किंचित मोठा. लोकसंख्या २८ लाखांच्या आसपास. बीडचे नाव उगाच घेतले नाही. आमच्यातले दोघे बीडचे, आणि त्यातल्या एकाचे आईवडील पंचवीस वर्षे कोयता घेऊन ऊसतोडीला जात होते. जमैका हा देशही उसानेच घडवला आणि उसानेच नासवला. १६५५ साली इंग्रजांनी तो स्पॅनिश लोकांकडून घेतला आणि पुढची पावणेदोनशे वर्षे आफ्रिकेतून माणसे पकडून आणून उसाच्या मळ्यांत राबवली. सुमारे १० लाख माणसे या बेटावर उतरवली गेली. १८३४ मध्ये गुलामी संपल्याचे जाहीर झाले, तेव्हा जिवंत गुलामांची संख्या होती सुमारे ३ लाख ११ हजार. काही माणसे पुढे दुसऱ्या वसाहतींत विकली गेली हे धरले, तरी पिढ्यान्‌पिढ्या मुले जन्मत असताना आकडा वाढण्याऐवजी असा घटतो, याचा अर्थ काय होतो? साखरेने माणसे खाल्ली, एवढाच होतो.

प्रवासी कंपनीच्या पत्रकावर यातले काही नव्हते. तिथे होते शहर, डोंगर आणि समुद्रकिनारा. आम्ही तिन्ही पाहिले. पण फिरता फिरता आम्हाला चार कागद भेटले. त्या चार कागदांतून जो जमैका दिसला, तो तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला कागद : भरपाईचा

पहिले दोन दिवस किंग्स्टन. शहराचे दोन भाग लगेच कळतात. वर डोंगराच्या कुशीत बंगले, खाली बंदराकडे दाट वस्त्या. लोक त्यांना अपटाऊन आणि डाऊनटाऊन म्हणतात. कोण कुठे राहतो एवढ्यावरून त्याचे शिक्षण, बोली आणि पुष्कळदा कातडीची छटासुद्धा ओळखता येते, असे आम्हाला तिथल्याच एका शिक्षिकेने सांगितले. जात नाही, पण रंगाची उतरंड आहे. बॉब मार्लीच्या घराचे संग्रहालय पाहायला पर्यटकांची रांग असते. किंग स्ट्रीटवरच्या लिबर्टी हॉलमध्ये मात्र आम्ही गेलो तेव्हा दुसरे कुणीच नव्हते.

लिबर्टी हॉल हे मार्कस गार्वींच्या संघटनेचे केंद्र. १९१४ साली किंग्स्टनमध्ये त्यांनी जगभरच्या काळ्या माणसांची संघटना उभी केली आणि मार्च १९१६ मध्ये ते न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये पोहोचले. त्या वेळी हार्लेमला लागूनच असलेल्या कोलंबिया विद्यापीठात एक भारतीय विद्यार्थी शिकत होता. त्याचे नाव भीमराव आंबेडकर. काही महिने हे दोघे एकाच शहराच्या एकाच टोकाला होते. दोघांची भेट झाली, अशी दंतकथा आम्हाला रचायची नाही. आपल्याकडे दंतकथा पुरेशा आहेत. पण पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि अमेरिकेतले निग्रो यांच्या स्थितीतले साम्य मांडले, हे तर नोंदलेले सत्य आहे. नाते जुने आहे, ते आपण वाचायचे विसरलो.

न्यू किंग्स्टनमध्ये एमान्सिपेशन पार्क नावाची बाग आहे. प्रवेशद्वाराशी पाण्यात उभे असलेले एक स्त्री आणि एक पुरुष, दोघेही आकाशाकडे पाहणारे, असे मोठे शिल्प आहे. मुक्तीचे स्मारक. तिथल्या बाकावर बसून आम्ही पहिल्या कागदाबद्दल बोललो. ब्रिटिश संसदेने १८३३ साली गुलामी रद्द करणारा कायदा केला आणि त्याच कायद्याने दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई मंजूर केली. त्या वेळच्या ब्रिटिश सरकारच्या वार्षिक खर्चाच्या जवळजवळ ४० टक्के रक्कम. भरपाई कुणाला? राबलेल्यांना नव्हे, मालकांना! त्यांची 'मालमत्ता' गेली म्हणून. गुलामांना एक पेनी मिळाली नाही, उलट 'उमेदवारी'च्या नावाखाली त्याच मालकांकडे आणखी चार वर्षे फुकट राबावे लागले. खरी सुटका झाली १ ऑगस्ट १८३८ ला. त्या भरपाईसाठी काढलेले कर्ज ब्रिटनने पूर्ण फेडले ते २०१५ साली. म्हणजे नोकरीसाठी लंडनला गेलेल्या जमैकन माणसाच्या करातूनही, त्याच्या खापरपणजोबाच्या मालकाची भरपाई फिटत होती.

आता कॅरिबियन देश एकत्र येऊन ब्रिटनकडे आणि युरोपकडे हिशेब मागत आहेत. २०१४ साली त्यांनी दहा कलमी मागणीपत्र काढले. आपल्याकडे आरक्षणाला 'भीक' म्हणणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा. शोषकाला भरपाई दिली की ती 'न्याय' ठरते आणि शोषिताला त्याचा वाटा दिला की 'कुबड्या'!

दुसरा कागद : राणीचा सल्ला

तिसरा दिवस ब्लू माऊंटनमध्ये गेला. सर्वात उंच शिखर २,२५६ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा बरेच उंच. ढग, ओली माती, उतारावर कॉफी. ही कॉफी जगातल्या महागड्या कॉफींत मोजली जाते. ती वेचणाऱ्या बाईला त्यातले किती मिळते, हे आम्ही विचारले. ती फक्त हसली. त्या हसण्याचा अर्थ चहाच्या मळ्यात किंवा उसाच्या फडात काम केलेल्या कुणालाही कळेल.

चौथ्या दिवशी आग्नेय किनाऱ्याने मोरंट बे गाठले. गाव लहान आहे, पण जमैकाच्या इतिहासात त्याचे स्थान फार मोठे. गुलामी संपली तरी जमीन मळेवाल्यांकडेच राहिली होती. ओसाड पडलेल्या मळ्यांवरसुद्धा पाय ठेवला तर खटला. १८६५ साली शेजारच्या एका परगण्यातल्या नव्हे, तर बेटाच्या उत्तरेकडच्या सेंट ॲन परगण्यातल्या गरिबांनी व्हिक्टोरिया राणीला अर्ज केला की आम्हाला कसायला सरकारी जमीन द्या. उत्तर आले. कष्ट करा, काटकसर करा, मळेवाल्यांकडे नेटाने मजुरी करा, म्हणजे तुमचे भले होईल! हा 'राणीचा सल्ला' छापून बेटभर वाटण्यात आला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, पडीक मळ्यात घुसल्याच्या एका खटल्यावरून मोरंट बेमध्ये ठिणगी पडली. ११ ऑक्टोबरला स्टोनी गट या खेड्यातून पॉल बोगल शेकडो लोकांना घेऊन न्यायालयावर चालून गेले. पुढे गव्हर्नर आयरने लष्करी कायदा लावून चारशेहून अधिक माणसे मारली आणि हजारावर घरे जाळली. बोगल आणि विधिमंडळातले त्यांचे सहकारी जॉर्ज विल्यम गॉर्डन या दोघांना फासावर दिले. आयरला परत बोलावले, पण शिक्षा एका दिवसाचीही झाली नाही. आज बोगल आणि गॉर्डन दोघेही राष्ट्रीय वीर आहेत.

गायरान कसणाऱ्या आपल्या बायाबापड्यांना "अतिक्रमण काढा आणि कष्ट करून खा" असे सांगणारी नोटीस आठवते का? १८६५ चा कागद आणि तहसीलची नोटीस, दोन्हींची भाषा एकच आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह कशासाठी उभारला, हे मोरंट बेमध्ये उभे राहिल्यावर आम्हाला जास्त नीट कळले.

तिसरा कागद : वेगळा तह

पाचव्या दिवशी पोर्ट अँटोनियोहून आत डोंगरात मूर टाऊनला गेलो. हे मरून लोकांचे गाव. मरून म्हणजे मळ्यांतून पळून डोंगरात गेलेले आणि तिथून लढणारे लोक. त्यांची पुढारी नॅनी ही जमैकाची राष्ट्रीय वीर आहे, ५०० डॉलरच्या नोटेवर तिचे चित्र आहे. त्या दऱ्या पाहिल्या की जगातल्या सर्वात बलाढ्य सैन्याला हे लोक कसे पुरून उरले, ते समजते. दहा पावलांवरचा माणूस झाडीत दिसत नाही. २०१५ साली युनेस्कोने या डोंगरांना जागतिक वारसा म्हटले, ते केवळ झाडांसाठी नव्हे, या लढ्यासाठीही.

इथवर सगळे आपल्या मनासारखे आहे. आपल्या मुलांना सांगायला, पोस्टर करायला सोयीचे. पण लेख इथे थांबवला तर तो खोटा होईल.

मरूनांना हरवता येईना म्हणून इंग्रजांनी १७३९ साली त्यांच्याशी तह केले. मरूनांना स्वातंत्र्य मिळाले, जमीन मिळाली, आपला कारभार आपण करण्याचा हक्क मिळाला. आणि अट? यापुढे मळ्यातून जो गुलाम पळून येईल, त्याला पकडून परत द्यायचे. गुलामांनी बंड केले तर ते मोडायला मदत करायची. तह पाळला गेला. १७६० साली टॅकीने मोठे बंड केले, तेव्हा त्याला गोळी घातली ती एका मरून नेमबाजाने. १८६५ मध्ये बोगल डोंगरात लपले, तेव्हा त्यांना पकडून दिले तेही मरूनांनीच.

आम्ही त्या लोकांना गद्दार म्हणणार नाही. चौऱ्याऐंशी वर्षे लढून थकलेल्या, उपाशी लेकरे पाठीशी असलेल्या माणसांनी काय करावे, हे आठवडाभराच्या पाहुण्यांनी ठरवू नये. पण तहाची रचना बघा. व्यवस्थेने सगळ्यांना साखळीतून सोडले नाही. एका गटाला सोडले आणि बाकीच्यांच्या साखळीची किल्ली त्याच्या हातात दिली. हे आपल्याला अनोळखी आहे का? पोटजातीचा वेगळा मेळावा, गटाची वेगळी बोलणी, एका महामंडळाचे अध्यक्षपद, आणि मग आपल्याच भावांच्या मोर्चावर मौन. १७३९ चा तह आपल्याकडे दर निवडणुकीला होतो. फक्त त्याचा कागद कुणी दाखवत नाही.

चौथा कागद : समुद्राचा

सहाव्या दिवशी उत्तर किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात मुक्काम होता. जेवण, पेय, समुद्र, सगळे एकाच पैशात. अशा हॉटेलांना तिथे 'ऑल-इन्क्लुझिव्ह' म्हणतात, म्हणजे सर्वसमावेशक. दारातच आमच्या मनगटांवर रंगीत पट्ट्या बांधल्या.

चार दिवस आमची गाडी चालवणारे गृहस्थ पन्नाशी उलटलेले होते. आम्ही आपसात त्यांना काका म्हणत होतो, आणि अर्थ कळल्यावर त्यांनाही ते आवडले होते. आम्ही म्हटले, काका, चला, तुम्हीही जरा पाण्यात उतरा. ते हसले आणि आमच्या मनगटाकडे बोट दाखवले. आम्हाला गंमत वाटली. आम्ही त्यांना घेऊन किनाऱ्याच्या फाटकाशी गेलो. तिथला रखवालदार नम्रपणे म्हणाला, पट्टी असलेले पाहुणे आत, बाकी नाही. रखवालदारही काळा, काकाही काळे. काकांनी वाद घातला नाही. एवढेच म्हणाले की, या खाडीत माझ्या बापाने मला पोहायला शिकवले, तेव्हा इथे कोळ्यांच्या होड्या असत आणि ही भिंत नव्हती. मग ते परत जाऊन गाडीजवळच्या झाडाखाली बसले.

आणि आम्ही काय केले? आम्ही आत गेलो. पैसे भरले होते, पाणी सुंदर होते. ग्रुपवर आलेला फोटो त्याच वेळचा आहे. लाज वाटावी असे म्हटले, ते हेच. जन्मभर बंद फाटकाच्या बाहेर उभे राहिलेल्या समाजाची आम्ही मुले, आणि आत जायची पट्टी मनगटावर आली तेव्हा अर्धा तास आम्हाला बाहेरच्या माणसाची आठवणही झाली नाही.

रात्री माहिती शोधली. १९५६ साली, जमैका ब्रिटिश वसाहत असतानाच, बीच कंट्रोल ॲक्ट नावाचा कायदा झाला. भरती-ओहोटीच्या पट्ट्यावरचा हक्क राजसत्तेचा ठरला. कोळ्यांच्या वहिवाटीसारखे काही अपवाद सोडले, तर किनाऱ्यावर जाण्याचा आणि समुद्रात उतरण्याचा सर्वसामान्य हक्क जनतेला उरला नाही. सरकारने परवाना द्यायचा, परवानेवाल्याने भिंत घालायची. ६ ऑगस्ट १९६२ ला देश स्वतंत्र झाला. झेंडा बदलला, काळे पंतप्रधान आले, राष्ट्रीय वीरांचे पुतळे उभे राहिले. कायदा मात्र तसाच राहिला. आज तिथे किनाऱ्याच्या जन्मसिद्ध हक्कासाठी चळवळ उभी आहे, अनेक किनाऱ्यांसाठी न्यायालयात लढे चालू आहेत. एक टक्क्याहूनही कमी किनारा लोकांना मोकळा उरला आहे, असे या चळवळीचे म्हणणे आहे.

ज्या १९५६ साली नागपुरात आपल्या माणसांनी जुने पाश तोडले, त्याच साली जमैकातल्या माणसांच्या पायाखालची वाळू कागदावर काढून घेतली गेली.

महाड आठवल्याशिवाय कसे राहील? पण महाड आणि जमैका एकच आहेत असे म्हणणे आळशीपणाचे होईल. फरक नीट पाहा. महाडला कागद आपल्या बाजूने होता. १९२३ चा बोले ठराव होता, १९२४ चा नगरपालिकेचा ठराव होता. अडवत होता तो समाज, त्याचा धर्म, त्याची विटाळाची कल्पना. म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन पाण्यापर्यंत चालत जावे लागले. जमैकात काकांच्या स्पर्शाने समुद्र बाटतो असे कुणी म्हणत नाही. तिथे अडवतो तो कागद आणि त्यामागचा पैसा. म्हणजे माणसाला पाण्यापासून तोडायच्या रीती दोन आहेत. एकीत कायदा उघडतो आणि समाज अडवतो, दुसरीत समाज अडवत नाही आणि कायदा अडवतो. आपल्याकडे आता दोन्ही रीती एकत्र चालतात, हे विसरू नका. महाडच्या पाण्याचा लढासुद्धा तळ्यावर संपला नाही. तो न्यायालयात दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात आपण जिंकलो. बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला आणि कागदालाही.

आणि 'आपला माणूस' सत्तेत बसला की दार आपोआप उघडेल, असे मानणाऱ्यांनी त्या फाटकावरचा काळा रखवालदार आठवावा. प्रतिनिधित्व हवेच, त्यासाठी आपण शेवटपर्यंत लढू. पण खुर्चीवर कोण बसले एवढेच पाहून घरी गेलो, तर साठ वर्षांनीही जुना कायदा तिथेच असतो.

सॅम शार्प वाचत होता

शेवटचा दिवस माँटेगो बे. शहराच्या चौकाला सॅम शार्पचे नाव आहे. शार्प गुलाम होता आणि त्याला वाचता येत होते. लंडनमध्ये गुलामी रद्द करण्याची चर्चा चालू आहे, हे तो वर्तमानपत्रांत वाचत होता आणि इतरांना समजावत होता. त्याने ठरवले की नाताळनंतर मजुरीशिवाय कुणी ऊस तोडायचा नाही. २७ डिसेंबर १८३१ ला सुरू झालेला तो संप उठावात बदलला, हजारो गुलाम त्यात उतरले. २३ मे १८३२ ला शार्पला याच चौकात फाशी दिली. पुढच्याच वर्षी संसदेला कायदा करावा लागला.

ऊसतोड्याचा मुलगा असलेला आमचा मित्र त्या चौकात बराच वेळ गप्प उभा होता. मग म्हणाला, "आमच्या मुकादमाच्या उचलीच्या कागदावर बापाचा अंगठा होता. त्यावर काय लिहिलंय, हे घरात कुणी कधी वाचलंच नाही."

तर भावा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. चळवळीला यातून मिळाले ते एवढेच की, पुतळे आणि नोटांवरची चित्रे आपल्याला मिळू शकतात, आणि तरीही पाणी, जमीन, किनारा कागदावर दुसऱ्याच्याच नावे राहू शकतो. म्हणून येत्या महिन्यात आम्ही एक काम हाती घेत आहोत. तू म्हणतोस त्याच वस्तीपासून सुरुवात करू. नळयोजनेचा ग्रामसभेचा ठराव, तिचे अंदाजपत्रक, अनुसूचित जातींसाठी आलेल्या निधीचा हिशेब, स्मशानभूमीचा आणि गायरानाचा सातबारा. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू, कागद आणू आणि चावडीवर बसून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचू. प्रत्येक तालुक्यात वाचता येणारी चार पोरे-पोरी हव्यात. ज्यांना यायचे आहे त्यांनी कळवावे.

आणि कधी समुद्रावर गेलात तर जरूर पोहा. फक्त फाटकाबाहेर कोण बसले आहे, ते आत जाण्याआधी बघा. आम्ही उशिरा बघितले.

जय भीम!